ती हसली की शॉट वाया जातो

लग्नाचे व्हिडिओ कापणं हा माझा धंदा. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, साडीच्या दुकानाच्या माडीवर आमची लॅब आहे. मालकांना मी चाचा म्हणते. चौदा वर्षं झाली त्यांच्याकडं. आठ तासांचं लग्न दोन तासांत बसवायचं, रुसलेली आत्या काढायची, मामा तीनदा जेवताना दिसत असेल तर दोनदाचा काढायचा, ही माझी कामं. माझी उंची तीन फूट सात इंच. खुर्चीवर बसलं की पाय लोंबकळतात, म्हणून चाचांनी पायाखाली एक लाकडी खोकं करून घेतलंय. बाकी माऊस, कीबोर्ड, पडदा सगळं इतरांसारखंच. कापायला उंची लागत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यावर जो माहितीपट निघाला त्यात यातलं एक अक्षर नाही.

तो करणारा माणूस पुण्याचा. पस्तिशीचा असेल, आवाज मऊ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. कुठल्याशा दुसऱ्या शूटिंगसाठी आपल्या शहरात आला होता, त्याच्या कॅमेऱ्याची कार्डं भरली म्हणून कुणीतरी आमच्या लॅबचा पत्ता दिला. मी कार्डं उतरवून देत होते आणि तो माझ्याकडं बघत होता. बघणारी माणसं मला नवी नाहीत. रिक्षावाले बघतात, शाळेतून सुटलेली पोरं तर मागं मागं येतात. पण हा बघून झाल्यावर खाली वाकून म्हणाला, "ताई, तुमची गोष्ट सांगायला मला आवडेल. तुमच्यासारख्यांना पडद्यावर कायम विदूषकच केलंय. मला ते बदलायचंय."

मी तेव्हा नाही म्हटलं. मग आठवडाभर विचार करून हो म्हटलं.

हो का म्हटलं, तेही सांगायला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वरातीच्या व्हिडिओत माझ्याच बांध्याचा एक माणूस होता. पाहुणाच होता, अंगात चांगला सफारी, आणि नाचत होता मस्त. कॅमेरामनला तो सापडल्यापासून कॅमेरा त्याच्यावरून हलायलाच तयार नव्हता. नवरदेवाचे वडील लॅबमध्ये आले, माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाले, "तेवढा तो छोटा माणूस काढून टाका, लोक हसतात." चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि काढून टाकला. सगळा, कोपऱ्यात दिसत होता तिथूनसुद्धा. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. म्हणून जेव्हा हा माणूस म्हणाला की मला ते बदलायचंय, तेव्हा मला वाटलं, बदलत असेल तर बदलू दे. चार पानांचा इंग्रजी कागद होता, त्यावर सही केली.

शूटिंग पाच दिवस चाललं. तो आणि त्याचा कॅमेरामन, दोघंच. पहिल्या दिवशी लॅबचा जिना. आमचा जिना जुना आहे, पायऱ्या उंच. मी कठड्याला धरून आडवी चढते, रोज चढते, तीन मिनिटं लागतात. त्यानं मला तो सहा वेळा चढायला लावला आणि कॅमेरा वर ठेवला, पार माडीच्या तोंडाशी. मी म्हटलं, "कॅमेरा थोडा खाली घ्या ना, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. वरून माणूस बिचारा दिसतो. आम्ही नवरीला कधी वरून घेत नाही."

तो हसून म्हणाला, "खाली घेतला तर तुमची उंची कळणार कशी, ताई?"

जिना चढून मी वर काय करते, ते त्यानं घेतलंच नाही. म्हणजे घेतलं एकदा, दहा मिनिटं. चित्रपटात ते नव्हतं. चित्रपटात मी फक्त चढते.

दुसऱ्या दिवशी हर्सूल तलाव. माझा सगळा जन्म या शहरात गेला, पण तलावाच्या काठी एकटी जाऊन पाण्याकडं बघत मी कधी बसलेली नाही. कोण बसतं? त्यानं बसवलं. कॅमेऱ्याकडं पाठ, केस मोकळे. म्हणाला, "काहीतरी मनातलं आठवा." ज्या लग्नाची ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्यायची होती, त्याचं गाणं कुठलं लावावं हे मी आठवत बसले होते.

तिसऱ्या दिवशी घर. इथं जरा थांबून सांगते.

आमच्या दोन खोल्या पुंडलिकनगरात. वडील कारखान्यावर वॉचमन होते, ते गेल्याला बरीच वर्षं झाली. आता मी आणि आई. आई मेंढरं राखणाऱ्या घरातली, लग्न होईपर्यंत रानोमाळ हिंडलेली, सरळ काठीसारखी उंच बाई. या खोल्या बांधल्या तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. गवंडी ओटा बांधायला लागला, तर आईनं त्याच्या हातातला ओळंबा काढून घेतला. "माझ्या लेकीच्या मापानं बांध." गवंडी म्हणाला, "मावशी, कंबर जाईल तुमची." आई म्हणाली, "जाऊ दी. ती टाचा उचलणार न्हाय. म्या वाकते." ओटा, फळ्या, मोरीचा नळ, दिव्याची बटणं, सगळं माझ्या हाताला येईल असं आहे. पाहुणे आले की त्यांना वाकावं लागतं. आमच्या घरात स्टूल नाही. लागलंच नाही कधी.

दिग्दर्शकानं घर पाहिलं, तोंडभर कौतुक केलं, आणि मग स्वयंपाकघरात उभा राहून विचारात पडला. कॅमेरामनशी काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, "ताई, चहाचा डबा कुठं असतो?"

"हा काय, इथं."

"आपण तो वरच्या माळ्यावर ठेवू या का? तुम्ही काढायचा प्रयत्न करायचा. लोकांना तुमचा संघर्ष दिसला पाहिजे. घरात दिसत नाहीये तो."

माळा म्हणजे आईच्या गोधड्या आणि गणपतीचं मखर ठेवायची जागा. तिथं मला काही काढायचं नसतं. मी म्हटलं, "पण हे खोटं आहे."

"खोटं नाही, प्रातिनिधिक आहे. बाकीच्या घरांत असंच असतं ना?"

असतं. बाकीच्या घरांत असतं. मी डबा त्याच्या हातात दिला. त्याचा आवाज इतका मऊ होता, आणि सही झालेली होती, आणि खरं सांगायचं तर कॅमेरा पहिल्यांदाच माझ्यावर होता. माणूस मूर्ख होतो. मी टाचा उचलल्या, हात वर केले, बोटं हवेत हलवली. पुन्हा. पुन्हा. कितव्यांदा तरी मला स्वतःचंच हसू आलं. तो म्हणाला, "नाही नाही, ताई, हसू नका."

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास तो लॅबमध्ये यायचा, मी त्याची कार्डं त्याच्या डिस्कमध्ये उतरवून द्यायचे. तोच म्हणाला होता, "एक कॉपी तुमच्या मशीनवरही राहू द्या, सेफ्टीसाठी." राहू दिली.

सहा महिन्यांनी एका कॉलेजच्या सभागृहात चित्रपट दाखवला. नाव लिहीत नाही, त्यात 'आकाश' हा शब्द होता एवढं पुरे. मी आणि आई पहिल्या रांगेत. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, शेजारणीलाही सांगून आलेली की आमच्या पोरीचा शिनेमा आहे. दिवे गेले आणि बासरी सुरू झाली. बासरी ऐकली तेव्हाच मी ओळखलं, लोकांना रडवायचंय, कारण बिदाईला मी तीच लावते.

जिना. मी चढते. तलाव. माझी पाठ. स्वयंपाकघर. माझी बोटं डब्यापर्यंत पोचत नाहीत. मागं कुणीतरी नाक ओढलं. आणि मग आई, ओट्याशी वाकलेली, एका बाजूनं घेतलेली, आणि त्यावर त्याचा तो मऊ आवाज, "आई आता थकली आहे. तिच्यानंतर हिचं काय, हा प्रश्न या घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही."

अंधारात आईनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

नंतर शाल, नारळ. माईक कुणी खाली केला नाही, म्हणून मी माईकशिवाय बोलले आणि ते कुणाला ऐकू गेलं नाही. एका बाईनं माझे दोन्ही गाल हातांत धरले आणि ती रडली. माझं वय छत्तीस आहे. मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती. तवा तापला होता, पीठ हातात होतं, आणि तिनं हात थांबवून विचारलं, "माझ्या माघारी तू काय करशील गं?"

छत्तीस वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. प्रश्न माहीत नव्हता म्हणून नव्हे. मेंढरांत वाढलेल्या बाईला मरण माहीत असतं. मी कमावते, घर चालवते, तिला डॉक्टरकडं मी नेते. आमच्यात हे ठरल्यासारखं होतं की तो विषय आमचा नाही. परक्या माणसानं पुण्याहून येऊन, आमच्याच ओट्यापाशी उभं राहून, तो तिच्या तोंडात घातला.

"काय करणार, भाकरी करीन," मी म्हटलं.

ती हसली नाही. त्या दिवसापासून तिचं सुरू झालं. खोकला आला की उशी तोंडावर दाबायची. गोळी संपली तर सांगायची नाही. तिनं माझ्या मावसभावाला फोन करून विचारलं, माझ्या पोरीला ठेवून घेशील का. मला! ठेवून!

तेव्हा माझं ठरलं. मी रडले नाही, पत्र लिहिलं नाही, आणि त्याला फोन करून "मला वाईट वाटलं" असंही म्हणाले नाही. वाईट वाटलं म्हणाले असते तर त्यानं त्याचीही फिल्म केली असती.

लॅबमध्ये दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी त्याचं मूळ फुटेज उघडलं. लग्नाचा व्हिडिओ कापणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. कॅमेरा चालू राहिलेला असतो आणि लोक तो बंद आहे असं समजून बोलतात. आम्ही अशी किती बोलणी ऐकून पुसून टाकली असतील. सुनेच्या रंगावर, व्याह्यांच्या जेवणावर. मी तेच शोधत होते आणि ते होतं.

डब्याचे नऊ टेक होते. प्रत्येक टेकच्या आधी त्याचा आवाज. "थोडं हळू, ताई." "दमल्यासारखं करा." "पडला तर पडू दे डबा, उलट बरंच." सातव्या टेकनंतर मी साडी बदलायला आत गेले. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू. रिकामं स्वयंपाकघर दिसतंय आणि तो कॅमेरामनला सांगतोय, "तिला हसू देऊ नकोस. ती हसली की शॉट वाया जातो. गोड दिसते मग, दया येत नाही." कॅमेरामन म्हणतो, "सर, ती एडिटर आहे ना, ते घ्यायचं का आणखी?" आणि तो म्हणतो, "त्यानं गोष्ट गुंतते."

मी ते चार वेळा ऐकलं. मग कापायला बसले.

अकरा मिनिटांचं केलं. संगीत नाही, निवेदन नाही. नऊ टेक, मधलं त्याचं बोलणं, रिकामं स्वयंपाकघर. आणि शेवटी नवव्या टेकमध्ये आई बाजारातून येते, हातात मेथीची जुडी. वर बघते. "आता गं बया, ह्यो डबा तिथं कुणी ठिवला?" एका हातानं डबा काढते आणि जागेवर ठेवते. मागून त्याचा आवाज, "कट, कट. आजींना बाहेर घ्या." तिथं मी पडदा काळा केला.

चाचांनी माझ्या मागं उभं राहून पाहिलं. त्यांना सगळं फुटेज माहीत होतं, कारण मी बघत असताना ते अधूनमधून येऊन बसायचे. म्हणाले, "बेटा, वो खाने वाला हिस्सा कायकू निकाली?"

चौथ्या दिवशी तो आमच्याकडं जेवला होता. जमिनीवर मांडी घालून, आईच्या हातची भाकरी आणि पिठलं. कॅमेरा तेव्हाही चालू राहिला होता. आईनं विचारलं, "तुझी आई हाय का रं?" तो म्हणाला, "गेली, मावशी. मी शूटिंगला होतो, पोचलो नाही." मग त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला होता. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. खरं होतं ते. त्या पाच दिवसांत त्याच्याकडून निघालेली ती एकच खरी गोष्ट असेल.

"वो डाली तो उसपे रहम आता, चाचा."

"हौ. आना बी चाहिए थोडा."

"नक्को."

चाचा खाली चहा सांगायला गेले. मी चुकत नव्हते असं मी म्हणत नाही. त्यानं माझं काम काढलं, मी त्याची आई काढली. मला कळत होतं, तरी काढलीच.

संधी दोन महिन्यांत आली. त्याच कॉलेजात माहितीपटांवर चर्चा होती, तो मुख्य वक्ता, मी प्रेरणादायी पाहुणी. कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या प्राध्यापक मॅडमना मी फोन केला, म्हटलं, शूटिंगच्या आठवणींची एक छोटी क्लिप केलीय, दाखवू का? त्या म्हणाल्या, "अय्या, मेकिंग! कित्ती गोड." त्यांनी ती आधी पाहिली नाही. मी केलेलं गोडच असणार, असं त्यांना वाटलं. बुटक्या माणसाला राग आला तरी लोकांना तो गोड वाटतो. मला तेच पाहिजे होतं.

मला स्टेजवर बसवलं होतं, तो पडदा दिसावा म्हणून खाली पहिल्या रांगेत जाऊन बसला होता. मी पडद्याकडं पाहिलंच नाही, त्याच्याकडं बघत राहिले. पहिल्या टेकला तो हसला, मागं टेकून बसला. तिसऱ्याला मुलं हसली, तोही हसला. पाचव्याला कुणी हसलं नाही. "पडला तर पडू दे" आलं तेव्हा तो सरळ बसला. रिकामं स्वयंपाकघर आलं आणि त्यानं हात कपाळाला लावला, पुढं काय येणार हे त्याला आठवलं होतं. "ती हसली की शॉट वाया जातो." सभागृहात पंखे ऐकू यायला लागले. आई पडद्यावर आली तेव्हा मागच्या रांगेतून एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "शाब्बास आजी!"

दिवे लागले. तो उभा राहिला. आवाज अजून मऊच होता, पण कोरडा पडला होता. "हे संदर्भ सोडून कापलेलं आहे."

"हो," मी म्हटलं. या वेळी मी माईक हातात मागून घेतला होता. "कापलेलंच आहे, सर. तुम्ही कापता तसंच."

"तुम्ही माझी परवानगी घेतली नाही."

"तुम्ही माझी घेतली होती. चार पानं, इंग्रजीत. मला नऊ वेळा हात वर करायला लावायची परवानगी त्यात कुठल्या ओळीत होती, ते वाचून दाखवा."

मॅडम घाईघाईनं आभार मानायला उठल्या. बाहेर पोरांनी त्याला घेरलं, माझ्यापर्यंत आवाज येत होते. मला बरं वाटलं. लोक मला नंतर विचारत राहिले की वाईट नाही का वाटलं, माणूस चांगला होता. नाही. बरं वाटलं, आणि ते बरेच दिवस टिकलं.

पुढं त्यानं वकिलाची भाषा करून पाहिली. दोन-तीन मेसेज आले, फुटेज त्याच्या मालकीचं आहे म्हणून. मी उत्तर दिलं नाही. एका महोत्सवातून त्याचा चित्रपट मागं घेतला असं ऐकलं. मग एका दुपारी तो स्वतः लॅबमध्ये आला. जिना चढून दमला होता. मी एका हळदीचं काम करत होते, ते पूर्ण होईपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं. बसला.

"ताई, ते फुटेज डिलीट करा. मी चित्रपटातून तो डबा काढतो."

"डबा राहू द्या. आईवरचं ते वाक्य काढा. आणि घरी जाऊन तिला सांगा की ते तुम्ही मनानं लिहिलं होतं."

तो घरी आला. मी दारात उभी होते. आईनं त्याला बसायला सतरंजी टाकली. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, ते माझं चुकलं. तुमच्यानंतर काय वगैरे मी उगीच बोललो. ताई सगळं करू शकतात."

आईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग अगदी सहज, शेजारणीला भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "तुला लेकरं हायेत का?"

"एक मुलगी आहे."

"उंच हाय का?"

"हो... वयाच्या मानानं आहे."

"मग तुझ्या माघारी तिचं काय?"

तो उठला, तिच्या पाया पडला आणि गेला. मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले नाही.

वाक्य त्यानं काढलं, मी तपासलं. तलाव आणि जिना तसेच आहेत. फुटेज पुसलं म्हणून मी त्याला कळवलं, पण ते पुसलेलं नाही. दोन डिस्कवर आहे, एक लॅबमध्ये, एक घरी. कारण आई त्याची माफी आठवडाभरात विसरली. त्याचा प्रश्न विसरली नाही. अजूनही एखाद्या सकाळी ती खोकला दाबून धरते, मला कळू नये म्हणून, आणि मला भिंतीपलीकडून ते ऐकू येतं.